अवंतिका: गावाचे नाव, लेकीचे नाव



स्नानसंस्काराचे अर्ज भरून घेण्याचे काम आमच्या धर्मग्रामात आमच्याकडे असते. बाळाचे नाव, जन्मतारीख, आईवडील, धर्मपिता, धर्ममाता असे पाच-सात रकाने. इतकी वर्षे हे काम केले, पण पहिल्या रकान्यापाशी आम्ही कधी थांबलो नव्हतो. यंदा एका लहानग्या मुलीच्या नावाने आम्हाला थांबवले. त्यात आमच्या हातून एक चूकही झाली. ती कबूल करावी आणि त्या निमित्ताने जे शिकायला मिळाले ते तुम्हालाही सांगावे, म्हणून हा लेख.

आमचे माधव नगर म्हणजे उज्जैनकरांचे फ्रीगंज. इथे मराठी ख्रिस्ती घरे बोटांवर मोजण्याइतकी. त्यातल्या एका घरी मुलगी झाली. आईवडिलांनी अर्जात नाव लिहिले, अवंतिका. सोबत बाळाची आजी आली होती. लग्न होऊन नगर जिल्ह्यातून त्या इकडे आल्या, यजमान गिरणीत होते, आता नाहीत. त्या म्हणाल्या, "सर, ते खोडा आणि लुदिया लिहा. माझ्या सासूबाईंचं नाव आहे. घर राहिलं नाही, शेत राहिलं नाही, कबरी तिकडेच राहिल्या. नाव तेवढं उरलंय, ते तरी आपलं असू द्या."

मुलगा म्हणाला, "आई, आपलं म्हणजे कुठलं? मी जन्मलो इथं, शिकलो इथं. तुझं गाव मी तीनदा पाहिलंय. मुंबईला जायचं तर गाडीसुद्धा अवंतिकाच."

आम्ही आजींची बाजू घेतली. तिथेच न थांबता आम्ही त्या तरुण आईला सांगितले, "बाई, हे नाव देवळात चालायचं नाही. बायबलमधलं नाहीतर संताचं नाव लागतं." ती काही बोलली नाही. अर्ज घडी करून पर्समध्ये ठेवला आणि निघून गेली. पुढचे चार रविवार ते कुटुंब मिस्साला आले नाही.

पाचव्या रविवारी फादरांनी विचारले, "ती मंडळी दिसत नाहीत, आजारी आहेत का?" आम्ही घडलेले सांगितले. ते शांतपणे म्हणाले, "हा नियम तुम्हाला कुठं सापडला?" त्या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे नव्हते. मग आम्ही शोधू लागलो.

नावाचा उगम

आधी त्या नावाकडेच पाहू. बुद्धाच्या काळी उत्तर भारतात जी सोळा महाजनपदे होती, त्यांपैकी एक अवंती. आजचा माळवा म्हणजे स्थूलमानाने तेव्हाची अवंती, आणि तिची राजधानी उज्जयिनी. देशाचेच नाव नगराला लागले आणि उज्जयिनीला अवंती, अवंतिका असेही म्हणू लागले. मोक्ष देणाऱ्या सात नगरांची जी जुनी यादी आहे, तिच्यात हेच नाव येते. आमच्या हिंदू शेजाऱ्यांना ते पवित्र आहे आणि आम्हाला त्याचा आदर आहे.

अर्थ सांगताना लोक संस्कृतातल्या 'अव्' या धातूकडे बोट दाखवतात. अव् म्हणजे राखणे, सांभाळणे. म्हणून अवंतिका म्हणजे सांभाळ करणारी नगरी, असा अर्थ पूर्वापार लावला जातो. हे वाचले तेव्हा आम्हाला १२१ वे स्तोत्र आठवले. डोंगरांकडे डोळे लावून बसलेल्या प्रवाशाला तिथे सांगितले आहे की तुला राखणारा डुलकीसुद्धा घेत नाही. जाण्यात आणि येण्यात तो सांभाळतो. गाव सोडून आलेल्या आजींना याहून जवळचे स्तोत्र कोणते असेल?

पण हे नगराचे नाव बाईचे नाव कधी झाले? बी.ए.ला आम्ही संस्कृत घेतले होते, त्याचा इथे उपयोग झाला. भासाचे 'स्वप्नवासवदत्त' हे नाटक. कित्येक शतके त्याचे फक्त नाव ऐकू येत होते. केरळात मिळालेल्या हस्तलिखितांवरून टी. गणपती शास्त्री यांनी १९१२ मध्ये त्रिवेंद्रमहून ते छापले आणि ते पुन्हा लोकांच्या हाती आले.

नाटकातली वासवदत्ता ही उज्जयिनीच्या प्रद्योत राजाची मुलगी आणि वत्स देशाच्या उदयन राजाची राणी. उदयनाचे राज्य शत्रूने बळकावलेले. ते परत मिळवायचे तर मगधाची मदत हवी, आणि त्यासाठी मगधाच्या राजकन्येशी, पद्मावतीशी, राजाचा विवाह व्हायला हवा. राणी जिवंत असताना राजा दुसरे लग्न करणार नाही. म्हणून मंत्री यौगंधरायण राणी आगीत जळून मेल्याची बातमी उठवतो. तिला वेषांतर करायला लावून आपली बहीण म्हणून पद्मावतीच्याच हवाली करतो. तिथे तिचे नाव ठेवतात आवंतिका, म्हणजे अवंतीकडची बाई.

विचार करा. त्या बाईचे स्वतःचे नाव गेले, नवरा दुरावला, मान गेला. आपल्याच नवऱ्याच्या दुसऱ्या लग्नाची वरमाळ तिला गुंफावी लागली. परक्या घरी तिच्याजवळ उरले ते एवढेच, की ही अमुक मुलखाची. शेवटी तिच्या माहेरून, उज्जयिनीहून, एक चित्र येते. ते पाहून पद्मावती म्हणते की अशीच एक बाई माझ्याकडे राहते. तेव्हा तिची ओळख पटते.

म्हणजे हे नाव पहिल्यांदा आम्हाला भेटते ते परमुलखात राहणाऱ्या एका बाईचे नाव म्हणून. हे वाचले आणि आजींचे शब्द पुन्हा कानात आले, "नाव तेवढं उरलंय."

आजच्या काळात हे नाव लोकांना आवडू लागले. मुंबई सेंट्रलहून इंदूरला येणारी अवंतिका एक्स्प्रेस आमच्या उज्जैनवरूनच जाते. २००२ च्या सुमारास अल्फा मराठीवर मृणाल कुलकर्णी यांची 'अवंतिका' ही मालिका लागत असे, तेव्हा मराठी घराघरांत हे नाव रोज ऐकू येई. अमेरिकेत वाढलेली अवंतिका वंदनपु ही तरुण नटी २०२४ मध्ये हॉलिवूडच्या चित्रपटात दिसली. ज्यांनी कधी क्षिप्रा पाहिली नाही अशा घरांतही आज अवंतिका खेळत आहेत. मग क्षिप्रेच्या काठी जन्मलेल्या मुलीला आम्ही ते नाव का नाकारावे?

मंडळीचा नियम काय सांगतो

आता फादरांच्या प्रश्नाकडे येऊ. १९१७ च्या जुन्या धर्मसंहितेत ७६१ वे कलम होते. मुलाला ख्रिस्ती नाव दिले जाईल याकडे धर्मगुरूने लक्ष द्यावे, आणि आईवडील ऐकत नसतील तर त्यांनी दिलेल्या नावाला संताचे नाव जोडून दोन्ही नावे नोंदवहीत लिहावीत, असे ते सांगत होते. म्हणजे जुन्या कडक नियमातही आईवडिलांचे नाव खोडायचे नव्हते, शेजारी आणखी एक लिहायचे होते. १९८३ च्या संहितेतले ८५५ वे कलम तर एवढेच म्हणते की ख्रिस्ती भावनेला परके वाटेल असे नाव देऊ नये. "बायबलमधलंच पाहिजे" हा नियम आमचा होता, मंडळीचा नव्हता.

कोणी म्हणेल, अवंतिका हे दुसऱ्या धर्माच्या पवित्र नगरीचे नाव, ते कसे चालेल? तर नवा करार उघडून पाहावा. अपुल्लोस हा मंडळीचा मोठा शिक्षक. त्याचे नाव अपोलो या ग्रीक देवावरून आलेले. किंख्रियातली सेविका फीबी, जिची शिफारस पौल रोमच्या मंडळीला करतो, तिचे नावही ग्रीकांच्या देवकथांतले. पौलाने त्यांची नावे बदलली नाहीत. त्यांचे जीवन बदलले, आणि आज तीच नावे आपण पवित्र शास्त्रात वाचतो.

आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासातही दाखला आहे. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे पंडिता रमाबाई आणि त्यांची अडीच वर्षांची लेक यांचा बाप्तिस्मा झाला. लेकीचे नाव मनोरमा. ते खोडले गेले नाही. त्याच्या जोडीला मेरी आले, एवढेच. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आईच्या खांद्याला खांदा लावून राबलेली ही लेक मनोरमाबाई याच नावाने ओळखली गेली. तिची सेवा नावामुळे कुठे कमी पडली?

लुदिया कोण होती

हे सगळे वाचल्यावर आम्ही आजींच्या लुदियाकडे वळलो, आणि खरे आश्चर्य तिथेच होते.

प्रेषितांच्या कृत्यांच्या १६ व्या अध्यायात पौल फिलिप्पै नगरात येतो. शब्बाथाच्या दिवशी तो वेशीबाहेर नदीकाठी जातो, कारण तिथे प्रार्थनेला माणसे जमत असतील असे त्याला वाटते. तिथे काही स्त्रिया जमलेल्या असतात. त्यांत एक लुदिया, जांभळे कापड विकणारी, मूळची थुवतीरा नगरची. प्रभू तिचे अंतःकरण उघडतो, ती आणि तिचे घराणे बाप्तिस्मा घेतात, आणि ती पौलाला व त्याच्या सोबत्यांना आग्रहाने आपल्या घरी उतरवते. फिलिप्पैच्या मंडळीचे पहिले घर ते लुदियाचे.

हे थुवतीरा कुठे? आजच्या तुर्कस्तानात, तिथल्या अखिसार शहराच्या जागी. आणि ते नगर ज्या प्रांतात होते, त्या प्रांताचे जुने नाव लुदिया. म्हणजे लुदिया म्हणजे लुदियाची, त्या मुलखाची बाई. ती समुद्र ओलांडून फिलिप्पैला धंद्यासाठी आली होती. तिथल्या बाजारात लोक तिला तिच्या मुलखाच्या नावाने हाक मारत असतील, तेच तिचे नाव होऊन बसले असेल, असे पुष्कळ अभ्यासक मानतात.

अवंतीची ती आवंतिका, लुदियाची ती लुदिया. दोन्ही नावांची घडण एकच! आजी आणि सूनबाई ज्या दोन नावांवरून महिनाभर अबोल होत्या, ती दोन्ही नावे सख्ख्या बहिणींसारखी निघाली.

आणखी एक गोष्ट. लुदियाच्याच शतकात कोण्या ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे समुद्रप्रवासाचे पुस्तक आहे. त्यात आमच्या उज्जैनचे नाव 'ओझीनी' असे येते. इथून तलम कापड आणि अकीकासारखे दगड भडोचच्या बंदरावर जात आणि तिथून ग्रीकांच्या जहाजांवर चढत, असे त्यात लिहिले आहे. लुदिया फिलिप्पैला कापड विकत होती, त्याच काळात अवंतीचे कापडही समुद्रापलीकडे चालले होते. दोघींची गाठ पडली नसेल, पण जग तेव्हाही इतके लहान होते.

बुरुजाच्या गावची मरीया

गावाच्या नावाने ओळखली जाणारी बायबलमधली दुसरी स्त्री तर आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे, मरीया मग्दालीया. मग्दाला हे गालील सरोवराच्या काठचे गाव. २००९ मध्ये तिथल्या उत्खननात प्रभूच्या काळातले एक सभास्थान सापडले. नावाचे मूळ 'मिग्दल', म्हणजे बुरूज, मनोरा. फ्रीगंजच्या टॉवर चौकातून रोज जाणाऱ्या आम्हाला हे वाचून हसू आले. तीही टॉवरवालीच!

शुभवर्तमानांत मरीया पुष्कळ आहेत, म्हणून गावाचे नाव तिची ओळख झाली. आज जगभर मुलींना मग्दलिना, माग्दा, मॅडलिन अशी नावे ठेवतात, ती सारी त्या मासेमारीच्या गावाची नावे आहेत. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी २२ जुलैच्या तिच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांच्या बरोबरीचा मान दिला. एवढ्याशा गावाचे नाव सणांच्या पंचांगात जाऊन बसले, ते तिच्यामुळे.

पण योहानाच्या २० व्या अध्यायातली ती पहाट आठवा. रिकाम्या कबरेपाशी ती रडत उभी आहे. समोर प्रभू आहे, पण तिला तो माळी वाटतो. तो तिला गावावरून ओळखत नाही, नुसती हाक मारतो, मरीया. त्या एका हाकेने तिला सारे समजते. लोक गावावरून ओळखतात, प्रभू माणसाला ओळखतो. म्हणून गावाचे नाव धारण केल्याने प्रभूला आपण कमी ओळखीचे होऊ, ही भीती बाळगायचे कारण नाही.

नासरेथकर

आणि आता सर्वांत मोठी गोष्ट. आपला प्रभूसुद्धा गावाच्या नावाने ओळखला गेला. नासरेथकर येशू.

आपण मराठी माणसे 'कर' लावण्यात पटाईत. इंदूरच्या होळकरांचे आडनाव होळ गावावरून आले. राज्य माळव्यात केले, पण नावात होळ राहिले. आमच्या गल्लीत अशी किती आडनावे आहेत, ज्यांचे गाव नातवंडांना नकाशात शोधावे लागते. पण नासरेथ हे काही मिरवायचे गाव नव्हते. जुन्या करारात त्याचा एकदाही उल्लेख नाही. नथनेलाने तर सरळ विचारले होते की अशा गावातून चांगले काही निघते का.

प्रभूने ते नाव टाकले नाही. क्रूसावर पिलाताने जी पाटी लावली, ती हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत होती, आणि तिच्यावर त्या गावाचे नाव होते. कबरेतल्या दूताने स्त्रियांना सांगितले, तुम्ही नासरेथकर येशूला शोधत आहात. आणि दिमिष्काच्या वाटेवर पौलाने "तू कोण आहेस" असे विचारले, तेव्हा स्वर्गातून आलेल्या उत्तरातही नासरेथ होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या २२ व्या अध्यायात पौल स्वतः ते सांगतो. पुनरुत्थान झाले, स्वर्गारोहण झाले, तरी प्रभूने आपला गावचा पत्ता पुसला नाही. देव मनुष्य झाला म्हणजे नुसता मनुष्य झाला नाही, एका गावचा मनुष्य झाला.

मग आपल्या लेकीने आपल्या गावचे नाव लावले तर त्यात अख्रिस्ती ते काय?

दोन्ही लिहा

आम्ही त्या घरी गेलो. आधी सूनबाईंची क्षमा मागितली. नियम ठाऊक नसताना नियम सांगणे हे धर्मशिक्षकाला शोभत नाही, हे स्पष्ट बोललो. त्यांनी चहा ठेवला. मग आजींजवळ बसून लुदियाची हकिकत सांगितली, नदीकाठची, कापडाची, थुवतीराची.

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हणजे तीपण गावाच्याच नावाची? आणि तीपण बाहेरगावी येऊन राहिलेली?"

"हो आजी."

"चाळीस वर्षं झाली मला इथं," त्या म्हणाल्या. "अजून मी 'तिकडं' म्हणते." मग सुनेकडे वळून म्हणाल्या, "दोन्ही लिहा. पहिलं तुमचं लिहा."

तिच्या स्नानसंस्काराच्या दिवशी आम्ही मागच्या बाकावर होतो. विधीच्या सुरुवातीलाच धर्मगुरू विचारतात, तुम्ही आपल्या बाळाला कोणते नाव देता? आजवर शेकडो वेळा हा प्रश्न ऐकला असेल, पण तो विचारला जातो कोणाला, याकडे आमचे लक्ष त्या दिवशी गेले. तो आईवडिलांना विचारला जातो, धर्मशिक्षकाला नव्हे. आईने उत्तर दिले, "अवंतिका लुदिया." आजी कुजबुजत तेच नाव म्हणत होत्या. आता आमच्या नोंदवहीत ते शाईने लिहिलेले आहे, दोन्ही एका ओळीत.

बंधुभगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजण गाव सोडून आलेले आहेत. कोणी नगरहून उज्जैनला, कोणी वसईहून दुबईला, कोणी नागपूरहून आणखी दूर. जुने गाव नावात जपावे, ते आजोळचे ऋण आहे. पण जिथे देवाने आपल्याला आणून ठेवले, जिथे लेकरे दिली, त्या गावालाही आपले म्हणावे. आणि कोणाच्या घरी बाळाचे नाव ठेवायचे असेल तर आमच्यासारखी घाई करू नका. आधी विचारा की हे नाव तुम्हाला कुठून मिळाले. त्या उत्तरात एका घराची सारी वाट असते.

प्रार्थना करू या. हे प्रभू, तू नासरेथचा झालास आणि ते नाव क्रूसापर्यंत नेलेस. आम्ही जिथे राहतो त्या गावाला आशीर्वाद दे. आमच्या घाईच्या शब्दांनी जे तुझ्या घरापासून दूर गेले असतील त्यांना परत आण, आणि क्षमा मागायला आम्हाला त्यांच्या दारी पाठव. अवंतिका लुदियाला आणि सर्व लेकरांना जाण्यात आणि येण्यात सांभाळ. शेवटच्या दिवशी तू नावाने हाक मारशील तेव्हा आम्हाला तुझा आवाज ओळखता येऊ दे. आमेन.